मनातील अढी व ख्रिस्ती प्रौढता

बाप्तिस्मा घेऊन पुष्कळ वर्षे लोटली म्हणजे मनुष्य विश्वासात प्रौढ झाला, असे नव्हे. एखाद्यास शास्त्रवचने मुखोद्गत असतात, प्रार्थनाही उत्तम येते. परंतु दहा वर्षांपूर्वी लग्नाच्या पंक्तीत झालेला अपमान तो अद्याप उगाळीत असतो. असा मनुष्य त्या बाबतीत बालकच होय.

प्रस्तुत पाठाकरिता प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५, वचने ३६ ते ४१ वाचावी. पौल व बर्णबा हे दोघे जिवाभावाचे सोबती. पहिल्या फेरीत योहान मार्क त्यांच्याबरोबर होता. परंतु पंफुल्यातील पिर्गा येथून तो त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला (१३:१३). दुसऱ्या फेरीच्या वेळी बर्णबा त्याला पुन्हा घेऊ म्हणाला. पौलाने साफ नाकारिले. वाद इतका विकोपास गेला की, ते विभक्त झाले. बर्णबा मार्कासह कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया ह्या प्रांतांत गेला. कोणाचे खरे व कोणाचे खोटे, ह्याचा निवाडा शास्त्र देत नाही.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. पुढे बंदिवासातून कलस्सैकरांस लिहिताना पौल मार्काच्या सलामाबरोबर, तो आल्यास त्याचा स्वीकार करा, असे कळवितो (४:१०). तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात तर, मार्कास घेऊन ये, तो सेवेकरिता मला उपयोगी आहे, अशा अर्थाचे लिहितो (४:११). ज्याला एकदा सोबत नको म्हटले, त्यालाच आता तो जवळ बोलावितो. करिंथकरांस लिहिताना बर्णबाचे नावही तो आदराने घेतो (पहिले पत्र ९:६).

ह्यावरून अढी सुटल्याच्या दोन खुणा कळतात. पहिली, त्या मनुष्याच्या पाठीमागे आपण त्याच्याविषयी चांगले बोलतो. दुसरी, सेवेत त्याला पुन्हा जागा देतो. केवळ तोंडाने “माफ केले” म्हणणे सोपे आहे. प्रीतीविषयीच्या अध्यायात (१ करिंथ १३:५) वाईटाची नोंद न ठेवण्याविषयी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो हिशेबाच्या व्यवहारातलाही आहे. सावकार वहीत मुद्दल व व्याज मांडितो, तसे आपण अपराध मांडू नयेत.

तथापि, अढी सोडणे म्हणजे अपराधाला अपराध न म्हणणे नव्हे. मत्तय १८:१५-१७ मध्ये प्रभूने क्रम घालून दिला आहे: प्रथम एकांतात बोलावे, मग एकदोघांस न्यावे, शेवटी मंडळीस कळवावे. आपण बहुधा उलट करितो. आधी सर्व गावास सांगतो, व ज्याने दुखविले त्याच्याशी मात्र अबोला धरितो. आणि जेथे जुलूम चालूच आहे, तेथे तो सोसून गप्प बसावे असे हा पाठ शिकवीत नाही.

सुवार्तिक बंधूंनी विशेष सांभाळावे. एका घरचे बोलणे दुसऱ्या घरी नेल्याने बांधाचा तंटा मंडळीचा तंटा होतो.

विचारासाठी प्रश्न:
१. कोणाचे नाव निघताच माझे तोंड कडू होते?
२. त्याच्याशी मी एकांतात बोललो आहे काय?
३. पुढील प्रभुभोजनापूर्वी मी त्याच्या दारी जाईन काय?