खाणींच्या ढिगाऱ्यांवरील हिरवळीची पारख

चंद्रपूर, वणी व उमरेड या भागांत कोळशाच्या उघड्या खाणींभोवती मातीचे उंच ढिगारे उभे आहेत. कोळशावरील थर उपसताना खोलवरचा दगड, वाळू व चिकणमाती वर येते. वरची कसदार माती आधीच वेगळी राखली नसेल तर ती त्याखाली गाडली जाते. अशा ढिगाऱ्यात नत्र व सेंद्रिय द्रव्य अत्यल्प असते. त्यावर रोपे लावली जातात आणि पहिल्या पावसाळ्यात ढिगारा हिरवा दिसू लागतो. परंतु हिरवा दिसणे व जमीन सावरणे या भिन्न गोष्टी होत. पायथ्याच्या शेतकऱ्यास हा भेद चांगलाच ठाऊक असतो, कारण उतारावरून वाहिलेला गाळ त्याच्याच शेतात येऊन बसतो.

पाहणी वर्षातून दोनदा करावी : गवताची ऑक्टोबरच्या सुमारास, झाडांची मे महिन्यात. लावलेल्या रोपांचा आकडा कितीही मोठा असो, दुसरा उन्हाळा ओलांडून जी जगली तीच हिशेबात धरावीत. माथा, उतार व पायथा यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. पायथ्याशी माती व बी साचते, उतार मात्र उघडा राहतो. सरासरी काढली की हा दोष झाकला जातो. (पाहुण्यांस बहुधा रस्त्याकडील बाजूच दाखविली जाते!)

मोजणीस २० मीटर लांबीची दोरी पुरे. दर मीटरला एक याप्रमाणे तिला २० गाठी माराव्यात व पाच ठिकाणी ती ताणावी, म्हणजे १०० गाठी होतात. प्रत्येक गाठीखाली जिवंत वनस्पती, पालापाचोळा की उघडी माती आहे ते लिहावे. समजा, ६२ गाठींखाली वनस्पती, १३ खाली पाचोळा व २५ खाली उघडी माती आढळली, तर पाव जमीन पावसाच्या माऱ्यास मोकळी आहे असे समजावे. दोरीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून ठेवाव्यात; पुढील वर्षी तीच जागा मोजली नाही तर तुलना व्यर्थ होते. गावच्या जुन्या गायरानातही अशीच दोरी टाकावी, म्हणजे मजल किती उरली ते कळते.

केवळ आच्छादन पाहून भागत नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीची दाट सावली दुरून उत्तम दिसते, पण तिच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या पाल्याखाली गवत क्वचितच वाढते. गाजरगवत व रायमुनिया यांनीही जमीन झाकली जाते. त्यास सुधारणा म्हणणे धाडसाचे होईल. उलट कडुनिंब, करंज यांची न लावता उगवलेली रोपे, मारवेल वा कुसळीचे बेट आणि पाचोळ्याखाली गांडुळाची विष्ठा आढळली, तर ढिगारा जमिनीचे गुण घेऊ लागला असे मानावे.

नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नीरी या संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड व जिवाणू खते वापरून झाडे वाढविली. तेथील धडा असा की, खड्ड्यात सेंद्रिय द्रव्य घातल्याविना केवळ रोपावर विसंबू नये.

गुरे केव्हा सोडावीत, हा गावकऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. उतारावरील दोरी सलग दोन वर्षे समाधानकारक येईपर्यंत गुरे सोडू नयेत; तोवर गवत कापून न्यावे. मँगनीजच्या ढिगाऱ्यावरील चारा मात्र प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज गुरांपुढे टाकू नये.