लॉगिनमागचं काम आणि विट्याची पोरं

दहावी-बारावीचे निकाल लागले की विट्यात घरोघरी एकच विषय निघतो. यंत्रमागाचं शेड असलेल्या घरात निघतो, पोल्ट्री सांभाळणाऱ्या घरात निघतो, आणि गलाईच्या धंद्यासाठी वडील परराज्यात असतील तर फोनवर निघतो. पोरगं कॉम्प्युटरला जायचं म्हणतंय, पण तिथं ते नेमकं करणार काय? 'आयटीत जाईल' या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. फी भरणाऱ्या माणसाला कामाचं नाव कळलं पाहिजे, ते शिकायचं कसं हे कळलं पाहिजे. म्हणून आज एकच काम घेतो आणि तेच नीट उलगडून सांगतो.

ते काम लॉगिनचं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, सीईटी सेलच्या पोर्टलवर कॉलेजांचा पसंतीक्रम देताना, डिजिलॉकरमधून गुणपत्रिका काढताना, पतसंस्थेच्या ॲपवर खातं बघताना आपण आधी आपली ओळख पटवतो. समोर फक्त दोन चौकटी दिसतात. खरा निर्णय होतो तो सर्व्हरवर, आणि तो निर्णय बिनचूक व्हावा यासाठी पगार घेऊन काम करणारी माणसं असतात. कुणी बॅकएंड डेव्हलपर म्हणून हे करतं, कुणी क्लाउड सांभाळता सांभाळता करतं, तर काहींचं पूर्णवेळ कामच 'आयडेंटिटी अँड ॲक्सेस मॅनेजमेंट' हे असतं. जाहिरातीत 'आयएएम' अशी तीन अक्षरं दिसली की हेच समजायचं.

गलाईच्या घरातल्या मुलांना यातलं मर्म लवकर कळेल. टंच काढणारा माणूस सोन्याची लगड एकदा तपासतो आणि आकडा घालून चिठ्ठी देतो. पुढचा व्यापारी लगड पुन्हा वितळवत बसत नाही. चिठ्ठी कुणाची आहे, खरी आहे का, आणि याच लगडीची आहे का, एवढं तो पाहतो. आजचं लॉगिन असंच चालतं. ओळख तपासणारी सेवा पासवर्ड एकदा तपासते आणि सही केलेलं टोकन देते. त्यानंतर प्रत्येक वेळी ॲपचा सर्व्हर पासवर्ड मागत नाही. टोकनावरची सही, ते कुणी दिलं, कुणासाठी दिलं आणि त्याची मुदत संपली का, हे तो तपासतो. या चारांतली एखादी तपासणी राहून गेली तर लॉगिन चालताना दिसतं, पण दार उघडंच असतं.

मग कंपन्या हे सगळं स्वतः का लिहीत नाहीत? कारण पासवर्ड सांभाळणं जोखमीचं आहे. तो आहे तसा कधीच साठवायचा नसतो. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन-टू यांसारख्या पद्धतीने त्याचा असा हॅश करावा लागतो की चोराला तो उलटा फिरवता येऊ नये. पुढे पासवर्ड विसरलेल्याची सोय, ओटीपी, सतत चुकीचे प्रयत्न करणाऱ्याला अडवणं, हे सगळं येतंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे बऱ्याच कंपन्या हा भार ॲमेझॉन कॉग्निटो, मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा, फायरबेस यांच्यावर टाकतात, किंवा कीक्लोक हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. या क्लाउडची यंत्रं आपल्यापासून फार लांब नाहीत. मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं, ॲमेझॉनचं मुंबईचं २०१६ मध्ये.

आता प्रत्यक्ष काम. कॉग्निटोत आधी 'यूजर पूल' तयार करायचा, म्हणजे वापरकर्त्यांची नोंदवही. मग आपल्या ॲपसाठी त्यात 'ॲप क्लायंट' काढायचा. लॉगिन सर्व्हरकडून करायचं असेल तर या क्लायंटला एक गुपित मिळतं, क्लायंट सीक्रेट. हे गुपित सर्व्हरवरच राहतं. मोबाइल ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये ते कधीच जाता कामा नये, कारण तिथलं काहीही कुणीही उघडून वाचू शकतो. वापरकर्त्याने नाव आणि पासवर्ड दिला की आपला सर्व्हर कॉग्निटोला 'ॲडमिन इनिशिएट ऑथ' ही विनंती पाठवतो. सोबत सीक्रेट हॅश जोडावा लागतो. वापरकर्त्याचं नाव आणि क्लायंट आयडी एकमेकांना जोडून, क्लायंट सीक्रेटची किल्ली वापरून तो काढतात.

बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा इथंच अडतात. पासवर्ड बरोबर असतो, तरी नकार येतो. मग ते पासवर्ड बदलत बसतात, नवा पूल काढतात, अख्खी संध्याकाळ जाते. नकाराचा संदेश शांतपणे वाचला तर त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की सीक्रेट हॅश जुळत नाही. नाव आणि आयडी यांचा क्रम उलटा झालेला असतो, किंवा किल्ली दुसऱ्याच क्लायंटची असते. आलेला संदेश अक्षर न अक्षर वाचायची सवय ज्या मुलाला लागली, ते मूल या क्षेत्रात टिकतं असं माझं ठाम मत आहे.

सगळं जुळलं तरी लगेच टोकन मिळेलच असं नाही. कधी सेवा उलट विचारते: हा तात्पुरता पासवर्ड आहे, नवा ठरवा, किंवा ऑथेंटिकेटर ॲपवरचा आकडा द्या. याला चॅलेंज म्हणतात, आणि ते हाताळणारा कोड बहुतेक विद्यार्थी प्रकल्पांत नसतो. चॅलेंज पार पडलं की तीन टोकनं हाती येतात. आयडी टोकन माणूस कोण ते सांगतं. ॲक्सेस टोकन त्याला काय करता येईल ते सांगतं. वेगळी सेटिंग केली नाही तर ही दोन्ही तासभर चालतात. रिफ्रेश टोकन साधारण ३० दिवस चालतं आणि नवी टोकनं आणून देतं. पहिल्या दोन टोकनांतला मजकूर लपवलेला नसतो, फक्त सहीने बांधलेला असतो. त्यात फोन नंबर घातला तर टोकन ज्याच्या हाती पडेल तो नंबर वाचणार. मुलाखतीत हमखास विचारतात असा एक प्रश्न इथलाच: वापरकर्त्याने लॉगआउट केलं, तर आधी दिलेलं ॲक्सेस टोकन लगेच बाद होतं का? सर्व्हर फक्त सही आणि मुदत पाहत असेल तर होत नाही, मुदत संपेपर्यंत ते चालत राहतं. मग मुदत किती ठेवायची यावर ज्याला चार वाक्यं बोलता येतात, त्याच्याकडे समोरचा लक्ष देऊन ऐकतो.

हे काम किती मोलाचं आहे हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणाने दाखवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेची नकली जोडणी उभी केली. देशोदेशी नकली कार्डांवर पैसे मागितले जात होते, आणि 'द्या' हे उत्तर ती नकली जोडणीच देत होती. विनंती बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. तो काही लॉगिनचा प्रकार नव्हता, पण मुद्दा तोच: होकार कुणी दिला हे तपासणारं कुणी हवं. सांगली-साताऱ्यात सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगावी आहेत, त्यांचे व्यवहारही मोबाइलवर आलेत. आपल्या आई-वडिलांच्या ठेवी ज्या ॲपवर दिसतात, त्याचं दार नीट लावणारी माणसं आपल्याच तालुक्यातून तयार व्हावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता खर्चाचं. हे शिकायला साधा लॅपटॉप आणि इंटरनेट पुरतं. ॲमेझॉनचं खातं उघडताना कार्ड मागतात, आणि तिथं पालक बिचकतात. बिचकणं बरोबर आहे. म्हणून सुरुवात कीक्लोकने करा. ते लॅपटॉपवरच चालतं, त्याला कार्ड लागत नाही, आणि टोकनांचं तत्त्व तेच आहे. फायरबेसवरही साधं ईमेलचं लॉगिन कार्डाशिवाय करता येतं. पुढे कॉग्निटोकडे वळाल तेव्हा ठरावीक वापरापर्यंत ते मोफत असतं, तरी पहिल्याच दिवशी खर्चाची सूचना देणारा अलर्ट लावा आणि मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी जोडा. क्लाउडची गुप्त किल्ली कोडमध्ये लिहून तो गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असा टाकणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक. अशा किल्ल्या शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात, आणि आपल्या नावावर भलतेच सर्व्हर सुरू होऊन बिल येतं. एसएमएसने ओटीपी पाठवायच्या भानगडीत विद्यार्थ्याने पडू नये. भारतात त्यासाठी संस्थेची आणि मजकुराची डीएलटी नोंदणी लागते. ऑथेंटिकेटर ॲप फुकट आहे आणि जास्त सुरक्षितही.

कोर्सचा प्रश्न पालकांना सर्वांत मोठा वाटतो. मला तो तितका मोठा वाटत नाही. बारावीनंतर इंजिनिअरिंग असो, डिप्लोमा करून थेट दुसरं वर्ष असो, की बीसीए करून एमसीए असो, या कामापर्यंत सगळ्या वाटा पोचतात. २०२४ पासून बीसीएलाही सीईटी द्यावी लागते, ती तारीख मात्र चुकवू नका. सांगलीचं वालचंद, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगरचं आरआयटी ही विट्याहून फार लांब नाहीत. तिथं नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तर कर्ज काढून लांबच्या महागड्या कॉलेजात घालण्याआधी दहादा विचार करा. पुण्यात राहून लाखभर रुपयांचा 'नोकरीची हमी'वाला क्लास लावायला तर माझा साफ विरोध आहे. नेटवर्किंग, डेटाबेस, क्रिप्टोग्राफी यांचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग एनपीटेलवर फुकट बघता येतात. पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

साताऱ्याच्या मातीतले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी लिहिलेल्या अँटिव्हायरसमधून पुढे क्विक हील उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. यावरून 'शिक्षणाचं काय अडलंय' असं कुणी म्हणू नये. एका भावाने ग्राहकाची अडचण ओळखली, दुसऱ्याने शिकलेलं ज्ञान तिथं लावलं, म्हणून ते घडलं.

एआय कोड लिहितं, मग नोकऱ्या राहतील का, हेही पालक विचारतात. लॉगिनचा कोड ते मिनिटात लिहून देतं, हे खरं आहे. पण त्यात टोकन कुणासाठी दिलंय ही तपासणी राहून गेली तर ते ओळखणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस लागतोच. नुसतं टायपिंग करणाऱ्याची गरज कमी होईल, हेही मी लपवत नाही. पहिली नोकरी बहुधा साधी असेल. कुणाला कोणती परवानगी आहे याच्या याद्या तपासायच्या, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करायची. वर्षभर ते मन लावून केलं की मोठ्या कंपन्यांत परवानग्या कुठं गळतात हे कळायला लागतं, आणि पुढचं काम त्यातूनच मिळतं.

मूल 'प्रोजेक्ट झाला' म्हणालं तर आई-वडिलांनाही तो तपासता येईल. नोंद नसलेला ईमेल टाका. मग नोंद असलेला ईमेल आणि चुकीचा पासवर्ड टाका. दोन्ही वेळा अगदी एकच संदेश यायला हवा, नाहीतर कोण सभासद आहे हे चोराला आयतं कळतं. मग नीट लॉगिन करा, बाहेर पडा आणि ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबा. आतली माहिती पुन्हा दिसली तर काम अपुरं आहे. शेवटी विचारा, 'पासवर्ड कुठं साठवलायस?' उत्तर एक्सेलच्या शीटचं आलं तर पुन्हा बसवा. 'आपल्याकडे नाहीच, ओळख तपासणाऱ्या सेवेकडे आहे, आपल्याकडे फक्त टोकन येतं' असं आलं, तर तो कोड, चालवायची पद्धत आणि अजून काय करायचं राहिलंय याची यादी गिटहबवर टाकायला सांगा. किल्ल्या आधी काढून घ्यायच्या. त्याचा दुवा नोकरीच्या अर्जात मार्कांच्या वर लिहायचा.