पाण्याकाठी घर घेण्याआधी

सिल्वासा,
4 नोव्हेंबर 2025

चि. बाळू यास,


काल ताईचा फोन आला होता. भाऊबीजेला तू तिच्याकडे जे बोललास ते तिने मला सगळं सांगितलं. दुधनीला तलावाकाठी प्लॉट बघितलास, एजंटाला बयाणा दिलास आणि डोंबिवलीची जागा विकायला काढलीस. सप्टेंबरात माझ्याच घरी राहून रोज उठून दुधनीला जात होतास, रात्री जेवताना तिथल्या पाण्याचं कौतुक करत होतास, आणि यातलं अवाक्षर मला कळू दिलं नाहीस. ताईलाही म्हणालास म्हणे, आत्याला इतक्यात सांगू नकोस, ती घाबरेल. बरोबर ओळखलंस. मी घाबरले आहे आणि रागावलेही आहे. फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते आहे.

मला एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर दे. रात्री दोन वाजता तुझ्या छातीत कळ आली, तर गाडी कोण चालवणार?

तुझ्या छातीत दोन स्टेंट आहेत. सूनबाईला गाडी येत नाही. दुधनीहून खानवेल वीसेक किलोमीटर, सगळा वळणांचा रस्ता, दोन्हीकडे जंगल. खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे पहिले उपचार होतील. पुढे सिल्वासाला विनोबा भावे रुग्णालयात आणायचं तर आणखी तेवढंच अंतर. त्याहून मोठं काही निघालं तर वापी, सुरत किंवा मुंबई. 108 ला फोन करू, असं तू ताईला म्हणालास. अरे, पण त्या डोंगरात आधी फोन लागायला हवा, मग गाडी तुझ्यापर्यंत चढून यायला हवी आणि तुला घेऊन तेवढंच उतरायला हवं. हृदयाच्या दुखण्यात पहिला तास किती मोलाचा असतो हे तुला मी सांगायला नको. अँजिओप्लास्टीनंतर तूच मला ते समजावून सांगितलं होतंस.

आता तुझ्या तलावाविषयी. दुधनीचा तलाव म्हणजे दमणगंगेचं मधुबन धरणाने अडवलेलं पाणी. तुझ्या आतोबांनी तुला लहानपणी वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढून दाखवला होता, आठवतं? नदी नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि दमणला समुद्राला मिळते. मधे बांध घालून जे साठवलं ते वापरायला साठवलं. गुजरातची शेती, आपली शेती, दमणचं पाणी, वापीचे कारखाने, सगळे त्यावर. त्यामुळे दिवाळीनंतर ते पाणी खाली खाली जात राहतं. तू बघितलास तो सप्टेंबर. तेव्हा तलाव काठोकाठ असतो, डोंगर हिरवे असतात, शिकाऱ्यात बसून माणूस हरखून जातो. मेमध्ये ये. पाणी आत सरकलेलं असतं, आणि जिथे तू खुर्ची टाकून बसायचं म्हणतोस तिथून समोर भेगा पडलेला गाळ दिसतो. शिवाय पाणी चढतं-उतरतं ती सगळी जमीन धरणासाठी संपादित झालेली असते. एजंट ज्याला ‘लेक टच’ म्हणतो, त्यातलं किती तुझं आणि किती सरकारचं हे मोजणीवाल्याला विचार, एजंटाला नको.

पावसाचंही तेच. इथे वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. झाड आडवं पडलं की रस्ता बंद, तारा तुटल्या की वीज बंद. 2004 च्या ऑगस्टात दमणगंगेला पूर आला तेव्हा तू डोंबिवलीत होतास, आम्ही इथे होतो. आम्ही तर गावात, शेजारीपाजारी सगळे जागे, तरी त्या रात्री माझे हातपाय गार पडले होते. तशा रात्री तिकडे वर तुम्ही दोघंच असणार. आणि मग पुन्हा माझा प्रश्न तोच, गाडी कोण चालवणार?

भूकंपाचं एक सांगून ठेवते. तलासरी-डहाणूकडे नोव्हेंबर 2018 पासून जे धक्के सुरू झाले ते आपल्यालाही जाणवले होते. कुठेही बांध, पण इंजिनिअरला दाखवून बांध.

जमिनीचं मला सगळ्यात खुपलं. एजंट म्हणतो कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करू, खरेदीखत पुढे बघू. तू बँकेत उभं आयुष्य काढलंस, कर्जाची कागदपत्रं तपासत आलास, आणि स्वतःच्या वेळी हे ऐकून घेतलंस? कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि खरेदीखत पुढे का? जमीन मुळात कोणाच्या नावावर आहे ते बघ. 2011 च्या जनगणनेत आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोक आदिवासी होते आणि त्या डोंगराकडे तर वारली आणि कोकणाच जास्त. आदिवासीची जमीन दुसऱ्याने घ्यायची तर कलेक्टरच्या परवानगीचा प्रश्न येतो. त्या अटीमागे फार मोठा इतिहास आहे. पोर्तुगीजांच्या काळापासून या लोकांच्या जमिनी कागदांच्या जोरावर दुसऱ्यांकडे गेल्या. मग धरण आलं आणि किती कुटुंबांची शेतं पाण्याखाली गेली. आपल्याकडे भाजी घेऊन येते ती मावशी तुला माहीत आहे, तू तिला हसवतोस. तिच्या सासऱ्यांची भातशेती त्याच पाण्याखाली आहे. तिच्या माणसांची उरलेली जमीन आडवळणाच्या कागदावर आपल्या घरात यावी, हे मला सहन होणार नाही, बाळू. कागद कायद्याला पुरेसा झाला तरी सहन होणार नाही.

सूनबाईला विचारलंस का नीट? तिचं माहेर मूळचं मुळशी खोऱ्यातलं. 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तरी टाटांचं धरण झालंच, आणि तिच्या पणज्याचं घर गेलं. ती तुझ्याबरोबर दुधनीला आली तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. तू पाणी बघत होतास, ती गप्प होती. तुझा उत्साह मोडायचा नाही म्हणून ती काही बोलणार नाही. म्हणूनच तू विचारायला हवंस.

हे वेड तुला कुठून लागलं तेही मला ठाऊक आहे. आबांनी तुला मांडीवर बसवून 2 ऑगस्ट 1954 ची, सिल्वासा पोर्तुगीजांकडून सोडवल्याची गोष्ट सांगितली. सुधीर फडके, राजा वाकणकर ही मंडळी पावसात सिल्वासात कशी शिरली, पोर्तुगीजांचा कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे कसा पळाला आणि शेवटी उदव्याला कसा शरण आला. तू दर सुट्टीत विचारायचास, फिदाल्गो ज्या रानातून पळाला ते रान दाखवा. आतोबा तुला घेऊन जायचे. दिवसभर उन्हात हिंडून दोघं संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन दारात उभे राहायचात, आणि मी ओरडायचे.

आतोबांचं नाव निघालं, तर जे कधी कोणाला बोलले नाही ते तुला सांगते.

त्यांनाही पाण्याकाठी राहायचं होतं. तुझ्यासारखं दुधनीला नाही. धरणाच्या कामावर त्यांनी आयुष्य घालवलं होतं, त्या पाण्याखाली काय गेलं हे त्यांनी मोजलेलं होतं, तिथे घर बांधायचा विचार त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. त्यांना हवं होतं खानवेलला, साकरतोड नदीजवळ. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे आंबा. आलेखाच्या कागदावर त्यांनी नकाशा काढला होता, ओट्याची उंचीसुद्धा लिहून ठेवली होती, माझे गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या कमी. मी म्हणायचे, आधी लेकीचं लग्न होऊ दे. मग मी म्हणाले, माझी शाळेची नोकरी संपू दे. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. ते कधी चिडले नाहीत. रविवारी मला बसने खानवेलला न्यायचे, नदीकाठी बसायचो, डबा खायचो, परत यायचो.

मग एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारचा मुलगा धावत आला, त्याने रिक्षा काढली, काही मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. त्यानंतर ते कितीतरी वर्षं जगले. गावात राहत होतो म्हणून ती वर्षं मिळाली, हे मी देवासमोर सांगेन. आणि त्या वर्षांत ते खिडकीत बसून समोरच्या इमारतीची भिंत बघत राहिले, हेही तितकंच खरं. नकाशा शेवटपर्यंत त्यांच्या ट्रंकेत होता. यातलं काय बरोबर झालं ते मला आजही ठरवता येत नाही. रात्री जाग आली की हाच विचार येतो. म्हणून तुला जाऊ नकोस असं म्हणताना माझी जीभ जड होते.

तर मी जाऊ नकोस म्हणत नाही. घाई करू नकोस म्हणते.

डोंबिवलीची जागा विकू नकोस. भाड्याने दे, कुलूप लाव, काहीही कर, पण परतायला दार राहू दे. बयाणा परत मिळत असेल तर घे, नसेल मिळत तर गेला समज, पैशापायी पुढे रेटू नकोस. आणि दुधनीऐवजी खानवेलला भाड्याचं घर बघ. तिथे बाजार आहे, दवाखाना आहे, मराठी शाळा आहे, वारली-कोकणा माणसांचं बोलणं तुला पहिल्याच दिवशी निम्मं कळेल आणि तुझं त्यांना. तिथे एक पूर्ण वर्ष काढ. मे बघ, जुलै बघ, वीज गेलेली रात्र बघ. सूनबाई संध्याकाळी कोणाशी बोलते ते बघ, कारण तू पुस्तकं आणि दुर्बीण घेऊन बसशील, तिला माणसं लागतात. दुधनीला हवं तेव्हा जा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत ये, पाणी कुठे पळून जात नाही.

आणि घराच्या आधी शेजार बघ. पाड्यावर ओळख कर, लग्नाला जा, कोणाच्या दुःखात जाऊन बस, कोणाच्या पोराला गणित शिकव. तुझं गणित चांगलं आहे. रात्री दोन वाजता दार वाजवलं तर कोण उठेल, हे त्यातून कळतं. पाड्यावरची पोरं अडल्या माणसाला डोलीत घालून डोंगर उतरवतात, मी पाहिलं आहे. पण आधी तू त्यांचा व्हायला हवास. कुंपण घालून, गेट लावून, पहारेकरी ठेवून राहिलास तर तुझं दार वाजलेलंही त्यांना कळणार नाही.

वर्षाने तुला तिथे जमीन घ्यावीशी वाटली, तर इथल्या वकिलाकडून जुने उतारे काढून घेऊ, बिनशेतीचा हुकूम बघू, मी स्वतः बरोबर येईन. काठी टेकत येईन, पण येईन.

फार बोलले का रे? तुझी आई असती तर तिने हेच चार शब्दांत सांगितलं असतं आणि तू ऐकलंही असतंस. ती गेल्यापासून तुम्हा भावंडांवर ओरडायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि मला ते नीट जमत नाही. तू साठीचा झालास, तुला नातवंडं होतील, आणि मी तुला अजून चिखलाच्या पायांचा धरते. सप्टेंबरात तू अंगणात बसून मला दुधनीचे फोटो दाखवत होतास. तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद मी फार वर्षांनी पाहिला. बँकेतल्या कटकटी, ते आजारपण, लोकलचे धक्के, सगळ्यातून तू आता सुटतो आहेस. तो आनंद मोडावा असं मला कसं वाटेल?

वरची खोली मी रंगवून घेतली आहे. खानवेलचं घर मिळेपर्यंत दोघं तिथे राहा. मिळालं तरी पावसाळ्यात या. तिथून पाणी दिसत नाही, पण गच्चीवरून लांबचे डोंगर दिसतात. नागलीचे पापड केले आहेत, सूनबाईला आवडतात म्हणून तिखट कमी घातलं आहे. आणि आतोबांच्या ट्रंकेतला तो नकाशा तुला द्यायचा आहे. ओट्याची उंची त्यांनी बरोबर धरली होती. सूनबाईचेही गुडघे दुखतात ना आता.

तू कुठेही राहायला गेलास तरी माझा नंबर पलंगाशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेव. रात्री दोनला मी जागीच असते. शेजारच्या मुलाची आता स्वतःची गाडी आहे, तो माझ्या एका हाकेवर निघेल, मी त्याला आजच सांगून ठेवलं आहे.

औषधं वेळेवर घे. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आत्या