पोस्टमागे एक दप्तर

चि. केतकीस,

दप्तरवाल्या कंपनीचा प्रस्ताव वाचला. एक दप्तर तुझ्या मुलाला, आणि तू टाकशील त्या प्रत्येक पोस्टमागे एक दप्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला. यात नाही म्हणण्यासारखं काय, असं तू विचारतेस. मला खटकतात ते 'प्रत्येक पोस्टमागे' हे दोन शब्द. किती मुलांकडे दप्तर नाही हे वर्गात जाऊन मोजता येतं. त्याचा आणि तुझ्या पोस्टचा काय संबंध?

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत ब्लेक मायकॉस्की यांनी 2006 मध्ये 'टॉम्स' ही कंपनी काढली. अर्जेंटिनातल्या साध्या कापडी बुटांवरून घेतलेला नमुना, आणि एक जोड विकला की एक जोड गरीब मुलाला. 2015 मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर आवाहन केलं की अनवाणी पायांचा फोटो टाका, प्रत्येक फोटोमागे आम्ही एक जोड देऊ, जास्तीत जास्त 10 लाख. मोजदाद थांबली ती सुमारे 2 लाख 96 हजारांवर. म्हणजे कंपनीची तयारी होती त्यातले सात लाख जोड या मोहिमेतून निघालेच नाहीत. अनवाणी पाय काही कमी झाले नव्हते, फोटो कमी पडले. एल साल्वाडोरमध्ये अर्थतज्ज्ञांनी याच बुटांचा अभ्यास केला. मुलं बूट आवडीने घालत होती, पण बहुतेकांकडे आधीच पादत्राणं असल्यामुळे फारसा फरक पडला नाही. 'आपल्या घरच्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात' असं म्हणणारी मुलं मात्र बूट मिळालेल्यांत 79 टक्के निघाली, न मिळालेल्यांत 66. या अभ्यासाला कंपनीनेच सहकार्य केलं होतं, हा तिचा मोठेपणा. आणि 2019 मध्ये तिने जोडीला जोड देणं सोडून नफ्यातला एक तृतीयांश वाटा स्थानिक कामांना द्यायचं ठरवलं.

तू म्हणशील, मी नकार दिला तर त्या पोराचं दप्तर जाईल. जाईलही. पण ते तुझ्यामुळे गेलं असं कसं म्हणायचं? अट कंपनीने घातली, तू नाही. शिवाय त्या पोराला दप्तरच हवंय हे ठरवलं कोणी? पाठ्यपुस्तकं आणि गणवेश सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून मिळतात. शाळेला कदाचित पाण्याची टाकी हवी असेल, पण टाकीसोबत तुझ्या मुलाचा फोटो चांगला येत नाही.

दुसरी बाजू तुझ्या वाचकांची, आणि माझ्या मते तीच जास्त नाजूक. दप्तराची चेन दुसऱ्या महिन्यात अडकायला लागली, पट्ट्याची शिवण उसवली, तर तू ते लिहिशील का? गरीब मुलांच्या नावाने आलेल्या वस्तूला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. खाली प्रतिक्रिया देणाऱ्या आयासुद्धा गप्प बसतात. कंपनीला दानातून मिळतं ते हेच मौन, आणि जाहिरातीच्या दरापेक्षा ते स्वस्त पडतं.

फुकट वस्तू घेऊन सगळेच लिहितात हे खरं, म्हणून तर नियम आले. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूही सांगावीच लागते, आणि तीही हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात किंवा 'आणखी वाचा'च्या खाली दडवून चालत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की जाहिरात असल्याची ही सूचना शिफारस ज्या भाषेत केली त्याच भाषेत हवी. तू मराठीत लिहितेस, तेव्हा कोपऱ्यातलं बारीक इंग्रजी अक्षर पुरणार नाही. 'जाहिरात' हा शब्द पहिल्या ओळीत हवा. दान जोडलं म्हणून यातून सूट नाही.

तेव्हा कंपनीला एक पत्र धाड. किती दप्तरं देणार तो आकडा आधी जाहीर करा, माझ्या पोस्टशी त्याची सांगड नको, आणि मुख्याध्यापकांना आधी विचारा. मुलांचे चेहरे मी छापणार नाही, आणि दप्तर तीन महिने वापरून मगच लिहीन. यावर त्यांचं उत्तर आलं तर मला कळव. नाहीच आलं, तर दप्तर परत पाठव आणि कुरिअरचे पैसे त्यांच्याकडून घे.

तुझा,
मामा