लिंबाचा दिवा आणि चित्तातली साठवण

बंगळुरूच्या बनशंकरी मंदिरात मराठी माणूस पहिल्यांदा जातो, तेव्हा देवीचे नाव त्याला परके नसते. बदामीची बनशंकरी, म्हणजेच शाकंभरी, आपल्याकडील अनेक घराण्यांची कुलदेवता. हात आपोआप जोडले जातात. मग लक्ष लिंबांकडे जाते आणि मन अडखळते. लिंबू म्हणजे दृष्ट, उतारा. लहानपणी आईने ‘ओलांडू नकोस’ म्हणून मागे ओढलेले असते. इथे तर बायका अर्धे लिंबू पिळून, साल उलटी करून, त्या वाटीत तूप-वात घालून देवीपुढे दिवा लावतात. तोही मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात, जो आपण शुभकार्याला टाळतो!

डोळ्यांनी पाहिले ते एक पिवळे फळ. भीती फळात नव्हती. वेदांत अंतःकरणाची चार कामे सांगतो : मन संकल्प-विकल्प करते, चित्त जुने संस्कार पुढे आणते, बुद्धी निर्णय देते आणि अहंकार ‘मला कळले’ म्हणतो. हे इतके झटपट घडते की शिक्का आधी पडतो, पाहणे मागे राहते. अर्थात जुन्या अनुभवाशिवाय नवे कळतही नाही. नाव ओळखीचे नसते तर आपण आत तरी गेलो असतो का?

म्हणून संस्कार पुसायचे नाहीत, ते उठताना पाहायचे. ‘हे लिंबू आहे’ आणि ‘मला भीती वाटते आहे’ ही दोन वाक्ये मनात वेगळी ऐकू आली, की शेजारी बसलेल्या बाईंना सहज विचारता येते, ‘अम्मा, हा दिवा कसा लावायचा?’