कर्करोगासह जगणाऱ्यांची मोजदाद

कर्करोगाविषयी बोलताना तीन निरनिराळ्या संख्यांची गल्लत होते. वर्षभरात निदान झालेले नवे रुग्ण ही पहिली, वर्षभरातील मृत्यू ही दुसरी. पूर्वी निदान झालेल्या आणि आज हयात असलेल्या व्यक्ती ही तिसरी. हिलाच आजाराची ‘व्याप्ती’ म्हणतात. पुनर्तपासणी, औषधे व पुनर्वसन यांची गरज किती, हे या तिसऱ्या संख्येवरून कळते.

समजा, एका जिल्ह्यात दरवर्षी ५०० नवे रुग्ण आढळतात. निदानानंतर ते सरासरी दोन वर्षे जगत असतील, तर कोणत्याही दिवशी सुमारे १,००० रुग्ण हयात असतील. उपचार सुधारून हा काळ पाच वर्षांवर गेला, तर ही संख्या २,५०० होईल. म्हणजेच व्याप्ती वाढली म्हणून आजार बळावला असे नव्हे. ते उपचारांचे यशही असू शकते.

ही मोजणी केवळ रुग्णालयातील नोंदींवरून होत नाही, कारण अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यासाठी ठरावीक लोकवस्तीतील प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी लागते. भारतातील अशी पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण नोंदणीचा आरंभ झाला. तेथील कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणांची माहिती देतात व संशयित रुग्णांना तपासणीस प्रवृत्त करतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आढळले व ९.२ लाख मृत्यू झाले. मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या सुमारे ३२.६ लाख होती. पाच वर्षांपूर्वी निदान झालेले यात धरलेले नाहीत.

या गणिताचा सर्वांत नाजूक दुवा म्हणजे पाठपुरावा. उपचारानंतर रुग्ण परत आला नाही, तर तो बरा होऊन कामाला लागला की दिवंगत झाला, हे कागदावरून समजत नाही. त्याला हयात धरले तर व्याप्ती फुगते, मृत धरले तर घटते. म्हणून आमची नम्र विनंती आहे: पुनर्तपासणीस यावे, पत्ता वा दूरध्वनी क्रमांक बदलल्यास कळवावे. दुर्दैवाने रुग्णाचे निधन झाल्यास नातेवाइकांनी दोन ओळींचे पत्र पाठवावे. त्या दोन ओळी पुढील रुग्णांच्या उपयोगी पडतील.