महागायक झालात, पुढे काय?

आपल्या कोल्हापूरला उगाच कलापूर म्हणत नाहीत. अल्लादियाँ खाँसाहेब इथे राहिले, सुधीर फडके इथे जन्मले आणि अभिजित कोसंबी इथूनच जाऊन मराठी 'सारेगमप' जिंकून आला. त्यामुळे गॅदरिंग संपलं की होस्टेलवरचा कोणीतरी ऑडिशनचे मनसुबे रचू लागतो. आवाजही बरा असतो. पण "जिंकलास तर पुढे काय?" असं विचारलं की गडी गप्प!

मार्च 2005 मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला. देशभरातून एसएमएस पडले होते. त्याच वर्षी त्याचा अल्बम आला, 2007 मध्ये 'जुनून' हा दुसरा आला. मग मात्र गाजावाजा ओसरला. आवाज काही बिघडला नव्हता. चॅनेलला पुढच्या पर्वात नवा चेहरा लागतो, एवढंच. 2024 मध्ये तो 'बिग बॉस मराठी'चा उपविजेता ठरला. म्हणजे एकोणीस वर्षांनीही लोक त्याला विसरले नव्हते. पण ओळख टिकणं वेगळं आणि गाण्यावर हक्क असणं वेगळं.

इलेक्ट्रिकलवाल्यांना लगेच पटेल. सिंगल फेज मोटरचं स्टार्टिंग वाइंडिंग मोटर फिरवून देतं आणि वेग आला की सेंट्रिफ्युगल स्विच ते बाजूला काढतो. स्पर्धा म्हणजे ते वाइंडिंग. मेन वाइंडिंग आपलं आपणच गुंडाळायचं!

ते कसं, हे अरिजित सिंगकडे पाहून कळतं. 2005 च्या 'फेम गुरुकुल'मध्ये तो जिंकला नव्हता. पुढे दुसऱ्या एका स्पर्धेच्या बक्षिसातून त्याने मुंबईत रेकॉर्डिंगची छोटी व्यवस्था उभारली आणि संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रामिंग केलं. 'तुम ही हो' आलं 2013 मध्ये. मधली आठ वर्षं कोणी मोजत नाही. 2021 मध्ये 'पगलैट'चं संगीत त्याने दिलं, तेही स्वतःच्या लेबलखाली.

स्वतःचं लेबल एवढं महत्त्वाचं का? कारण एका गाण्यात हक्कांचे थर असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, हक्क पैसे घालणाऱ्या निर्मात्याचा. गायकाला उरतो तो सादरकर्त्याचा हक्क. स्पर्धेत आपण जी गाजलेली गाणी गातो, त्यांच्यातला पहिल्या दोन थरांतला कणही आपला नसतो.

आणि तो सादरकर्त्याचा हक्कसुद्धा सहज मिळालेला नाही. लता मंगेशकर लहानपणी पुण्यात 'खजांची'च्या गाण्यांची स्पर्धा जिंकल्या होत्या. बक्षीस होतं दिलरुबा. वडील गेल्यावर मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर त्या आपल्या कोल्हापुरातच राहिल्या. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. रफीसाहेबांचं मत उलटं, की एकदा मानधन घेतलं की विषय संपला. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं! कायद्यात बदल झाला तो 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने. गाण्याचा व्यावसायिक वापर झाला तर गायक रॉयल्टीला पात्र, असं त्यात आलं. ती वसूल करायला 2013 मध्ये गायकांनी स्वतःची संस्था काढली. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? मला तरी वाचेपर्यंत नव्हतं.

तेव्हा ऑडिशनला जरूर जा. मात्र जिंकण्याआधी स्वतःची दोन-तीन गाणी हवीत. शब्द रूममेटचे, चाल तुमची, मास्टर तुमचं. लॅपटॉप आणि बरा माइक असला की रूमवर काम होतं (मेसचा भोंगा वाजत नसेल तेव्हा). आणि करार पुढ्यात आला की चार गोष्टी विचारा: किती वर्षं बांधून घेणार, शोच्या बिदागीतून किती टक्के कापणार, मास्टर कोणाचं, आणि या काळात मी स्वतःचं गाणं बाहेर काढू शकतो का. कागद इंग्रजीत आणि बारीक टायपात असेल. सही करायच्या आधी शहाजी लॉ कॉलेजातला एखादा ओळखीचा गाठा. एका मिसळीवर वाचून देईल.